पटकीचे विष व कोशिकापटल

पटकी (कॉलरा) हा व्हिब्रिओ कॉलरी या स्वल्पविरामासारख्या वक्राकार सूक्ष्मजंतूमुळे होणारा लहान आतड्याचा तीव्र रोग होय. आयुर्वेदात वर्णिलेल्या विसूचिकेशी त्याचे साम्य असून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मरीआईचा कोप म्हणून तो ओळखला जाई. या रोगाचे जंतू शरीराच्या ऊतकांत शिरत नाहीत. आतड्याच्या आतील पृष्ठभागाला चिकटून राहून ते विषारी प्रथिने बाहेर सोडतात. आतड्याच्या प्रत्येक कोशिकेभोवती (पेशीभोवती) एक अतिशय पातळ पटल असते. विषारी प्रथिन व हे पटल यांची गाठ पडल्यावर नेमके काय घडते, पटलाला भोक पडते की ते अभंग राहते, या प्रश्नाचा उलगडा होण्यास रोगजंतूचा शोध लागल्यानंतरही पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. रोग्याला तोंडाने पाणी पाजून वाचविता येईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. पटकीच्या इतिहासाशी सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचे नाव निगडित आहे, तर तिच्या विषाच्या शोधात मुंबईच्या हाफकिन संस्थेचा वाटा आहे.

पंढरपूरची यात्रा व पटकी : पटकीची पहिली जागतिक साथ १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागातून सुरू झाली व १८१८ मध्ये दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत पोहोचली. पेशवाईचा शेवट व ब्रिटिश अंमलाचा आरंभ यांच्या संधिकालातच महाराष्ट्राला या रोगाची ओळख पटली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तो इलाख्यात वारंवार उद्भवत राहिला व मोठ्या यात्रांच्या वेळी त्याचा जोर विशेष दिसून येई.

भीमा नदी पंढरपूरजवळ चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या यात्रांत येथे महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सर्व भागांतून वारकरी येतात. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने, तर देहूहून निघणारी तुकारामांची पालखी इंदापूर, अकलूज या मार्गाने सोलापूर जिल्ह्यात येते आणि पंढरपूरनजीक वाखरी येथे पालख्या एकत्र होतात. आषाढी यात्रेचा काळ म्हणजे पावसाळ्याचा आरंभ. पहिल्या पावसाचे पाणी वाळवंटातील व काठावरील घाण नदीत आणि विहिरींत वाहून नेते. एकाच पात्रात स्नान, धुणे व पिण्याचे पाणी, दाटीवाटीचे वाडे व धर्मशाळा, लांबच्या चालीने थकलेली शरीरे आणि उपवास या सर्वांचा मेळ त्या काळी पटकीला अनुकूल ठरे. यात्रा पांगली की परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर रोग गावोगावी जाई. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत आल्यावर यात्रेकरूंची ये-जा अधिक जलद झाली.

१८६५ मध्ये मक्केच्या यात्रेत पटकीने हाहाकार माजविल्यावर १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे मूळ स्थान हिंदुस्थान असून तेथील मोठ्या यात्रा हे तिच्या प्रसाराचे प्रबळ साधन आहे, असे मत परिषदेने नोंदविले. त्यामुळे हरद्वार, पुरी, पंढरपूर यांसारखी क्षेत्रे सरकारी आरोग्यखात्याच्या नजरेखाली आली. यात्राकर बसविणे, स्वच्छतेसाठी जादा माणसे नेमणे व साथीच्या वर्षी यात्रेवर निर्बंध घालणे असे उपाय योजले गेले. निर्बंधांमुळे वारकऱ्यांत असंतोष निर्माण होई, कारण वारी चुकू न देणे हा त्यांच्या धर्माचरणाचा गाभा होता. दुसरीकडे, रोग पाण्यातून पसरतो की दूषित हवेतून, याविषयी खुद्द अधिकाऱ्यांतच एकमत नव्हते. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांनी १८८४ पर्यंत संसर्गाची उपपत्ती मान्य केली नव्हती. रोगाचे कारण ठाऊक नसल्यामुळे दोष पाण्याकडे न जाता माणसांच्या जमावाकडे जात असे.

विषाचा शोध : फ्लॉरेन्स येथील फिलिप्पो पाचीनी यांनी १८५४ मध्ये पटकीने मेलेल्या रोग्यांच्या आतड्यात वक्राकार जंतू पाहिले होते; परंतु त्यांच्या निष्कर्षाकडे फारसे लक्ष गेले नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी रोग दूषित पाण्यातून पसरतो हे दाखविले. १८८३ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी ईजिप्तमध्ये व नंतर कलकत्त्यात शोध घेऊन १८८४ च्या आरंभी जंतूचे शुद्ध संवर्धन मिळविल्याचे जाहीर केले. जंतू आतड्यातच राहतात, मात्र परिणाम साऱ्या शरीरावर होतो, यावरून जंतू एखादे विष निर्माण करीत असावेत असा तर्क कॉख यांनी केला.

हा तर्क बरोबर होता; परंतु त्याचा पाठपुरावा भलत्या दिशेने झाला. रिखार्ट फायफर यांनी १८९२ च्या सुमारास असे दाखविले की, मृत जंतूंच्या शरीरातच उष्णतेला टिकणारे एक विष असते. या अंतर्विषालाच पुढे अनेक दशके रोगाचे कारण मानण्यात आले. जंतू आपल्या शरीराबाहेर एखादे प्रथिन सोडतात व तेच खरे विष होय, ही कल्पना मागे पडली. शवविच्छेदनात आतड्याचे अस्तर गळून गेल्याचे वारंवार दिसे. त्यामुळे विषाने अस्तर सोलून निघते व उघड्या पडलेल्या आतड्यातून शरीरातील पाणी पाझरते, अशी समजूत रूढ झाली. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियातील बर्नेट व स्टोन यांनी पटकीच्या जंतूंच्या संवर्धनद्रवाने प्राण्याच्या आतड्याचे अस्तर सुटे होते असे परीक्षानळीत दाखविल्याने या समजुतीला बळकटीच मिळाली.

या काळात प्रतिबंधक लशीचे कार्य स्वतंत्रपणे चालू होते. वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिस येथे पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली व १८९३ पासून हिंदुस्थानात तिचा वापर केला. प्लेगच्या लशीसाठी त्यांनी मुंबईत उभारलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली व १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. विसाव्या शतकात यात्रेकरूंना पटकीची लस टोचणे हा सार्वजनिक आरोग्याचा नित्याचा भाग बनला. मात्र मृत जंतूंच्या या लशीचे संरक्षण अपुरे व काही महिन्यांपुरतेच असे. तिच्यामुळे रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे मुख्यतः जंतूच्या आवरणाविरुद्ध असत. ज्या विषामुळे माणूस दगावे, त्याच्या विरुद्ध नव्हे.

विषाचा निर्णायक पुरावा १९५९ मध्ये मिळाला. कलकत्त्याचे विकृतिवैज्ञानिक शंभूनाथ डे (१९१५–८५) यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन ठिकाणी बांधून त्या पोकळीत जंतू घालण्याची पद्धती १९५३ मध्ये मांडली होती. १९५९ मध्ये त्यांनी त्याच पोकळीत जंतू पूर्णपणे गाळून काढलेला संवर्धनद्रव घातला. जंतू नसतानाही आतड्यात पटकीसारखाच द्रव साठला. त्याच वर्षी हाफकिन संस्थेतील एन. के. दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी प्रायोगिक पटकीतील विषाचे कार्य दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. दत्त यांनी हब्बू यांच्या सहकार्याने १९५५ मध्ये सशाच्या पिलांत पटकी उत्पन्न करण्याची पद्धती बसविली होती. तिचाच आधार घेऊन जिवंत जंतूंवाचून केवळ विषारी अंशानेही पिलांना जुलाब होतात, हे या संशोधकांनी सिद्ध केले. कलकत्ता व मुंबई येथील या दोन कार्यांनी कॉख यांचा पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा तर्क खरा ठरविला. १९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालूटो यांनी हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

अस्तराचा प्रश्न : १९६० मध्ये यूजीन गॅन्गॅरोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधील पटकीच्या जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे गिळावयाच्या एका लहान कुपीच्या साहाय्याने मिळविले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे अस्तर अखंड दिसले. शवविच्छेदनात आढळणारे गळलेले अस्तर हा रोगाचा परिणाम नसून मृत्यूनंतर होणाऱ्या विघटनाचा परिणाम होता. अशा रीतीने विष आतड्याला सोलून काढते ही कल्पना बाजूला पडली. मात्र तिच्या जागी अधिक सूक्ष्म पातळीवरील प्रश्न उभा राहिला : अस्तर अखंड असले, तरी विष त्यातील एकेका कोशिकेच्या पटलाला भोके पाडते काय?

कोशिकापटल व छिद्रकारक प्रथिने : कोशिकापटल मुख्यतः मेदयुक्त रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते, हे १९२५ मध्ये खॉर्टर व ग्रेन्डेल यांनी दाखविले. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे व शेपटी पाण्याला टाळणारी असते. त्यामुळे दोन्ही थरांच्या शेपट्या आत व डोकी बाहेर राहतात. पटलाची एकूण जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). आतील तेलकट थरातून सोडियम, पोटॅशियम यांसारखे विद्युत्भारित कण आपोआप जाऊ शकत नाहीत. या आवरोधावरच कोशिकेचे जीवन अवलंबून असते.

काही सूक्ष्मजंतूंची विषे नेमका हा आवरोध भेदतात. त्यांच्यापुढे एक अडचण असते. जंतूच्या शरीरातून बाहेर पडून आतड्यातील द्रवात फिरावयाचे, तर प्रथिन पाण्यात विरघळणारे हवे. परंतु पटलात रुतावयाचे, तर त्याचा बाहेरील भाग तेलकट थरात मानवणारा हवा. या दोन परस्परविरोधी गरजा एकच प्रथिन घडी बदलून भागविते. द्रवात असताना पटलात शिरणारा भाग प्रथिनाच्या अंगाशी घडी घालून दडविलेला असतो. पटलावरील विशिष्ट शर्करा, कोलेस्टेरॉल किंवा प्रथिन यांना चिकटल्यावर असे अनेक रेणू एकमेकांशेजारी येऊन कडे तयार करतात. कडे पूर्ण झाले की, प्रत्येक रेणूतील दडलेला पट्टा उलगडून खाली येतो व सर्व पट्टे मिळून पटलाच्या आरपार जाणारी नळी बनवितात. नळीची बाहेरील बाजू तेलकट थराला लागून असते, तर आतील बाजू पाण्याला अनुकूल असते. कोणताही एकटा रेणू भोक पाडू शकत नाही. पिंपाच्या फळ्यांप्रमाणे सर्वांनी मिळूनच नळी उभी राहते. काही विषांत अशी नळी चपट्या पट्ट्यांची, तर काहींत मळसूत्री दंडांची असते. पुवाळलेल्या जखमांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या आल्फा विषाचे सात रेणूंचे कडे व त्याखालील चौदा पट्ट्यांची नळी यांची रचना १९९६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित झाली. अशा प्रकारच्या विषाची ती पहिली स्पष्ट प्रतिमा होय.

एल तोर रक्तविलयक : पटकीच्या जंतूंतही असे प्रथिन आहे व त्याचा शोधही यात्रेशीच निगडित आहे. १९०५ मध्ये सिनाई द्वीपकल्पातील एल तोर येथील विलग्नवास केंद्रात मक्केहून परतताना मरण पावलेल्या यात्रेकरूंच्या आतड्यांतून गॉट्शलिख यांनी काही व्हिब्रिओ जंतू वेगळे केले. या यात्रेकरूंना पटकीची लक्षणे नव्हती. क्राउस व प्रिब्रॅम यांना असे आढळले की, हे जंतू रक्तातील तांबड्या कोशिका फोडणारे द्रव्य तयार करतात. नेहमीचे पटकीचे जंतू तसे करीत नाहीत. त्यामुळे रक्त फोडण्याची कसोटी एल तोर व अभिजात या दोन प्रकारांतील भेद ओळखण्यासाठी बरीच वर्षे वापरात होती. पुढे ज्यांत हा गुण क्षीण आहे असे एल तोर जंतूही आढळल्याने तिची विश्वसनीयता कमी झाली. १९६१ मध्ये इंडोनेशियातील सेलेबीझ (सूलावेसी) बेटातून सुरू झालेली सातवी जागतिक साथ एल तोर प्रकाराचीच होती. १९६४ मध्ये ती भारतात आली.

या रक्तविलयक प्रथिनाची कार्यपद्धती पुढे उलगडली. कलकत्त्याच्या राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेत आणि नंतर मोहाली येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही यावर महत्त्वाचे कार्य झाले. जंतू हे प्रथिन निष्क्रिय रूपात बाहेर सोडतो. त्याच्या एका टोकाचा तुकडा प्रथिनभंजक एंझाइमाने कापला गेल्यावरच ते सक्रिय होते. म्हणजे म्यान काढल्याशिवाय शस्त्र चालत नाही. सक्रिय रेणू पटलावरील शर्करायुक्त रेणू व कोलेस्टेरॉल यांच्या आधारे चिकटतात, सातांचे कडे करतात आणि चौदा पट्ट्यांची नळी पटलात उतरवितात. द्रवातील एकट्या रेणूची रचना २००५ मध्ये ओल्सन व गोओ यांनी, तर पटलात बसणाऱ्या सात रेणूंच्या कड्याची रचना २०११ मध्ये दे व ओल्सन यांनी प्रसिद्ध केली. दोन्ही रचना शेजारी ठेवून पाहिल्या असता दडलेला पट्टा कसा उलगडतो हे स्पष्ट होते. नळी तयार होताच लहान कण मुक्तपणे ये-जा करू लागतात, पाणी आत शिरते व कोशिका फुगून फुटते.

असे असूनही पटकीतील प्रचंड जुलाबांचे मुख्य कारण हे प्रथिन नव्हे. अभिजात प्रकाराच्या अभ्यासलेल्या जंतूंत या प्रथिनाच्या जनुकातील अकरा घटकांचा तुकडा गळालेला असून त्यामुळे त्यांत पूर्ण प्रथिन तयारच होत नाही. तरीही अभिजात जंतूंनी घोर साथी घडविल्या. मुख्य विष निर्माण न करणाऱ्या काही व्हिब्रिओ जंतूंमुळे होणाऱ्या जुलाबांत मात्र या प्रथिनाचा वाटा असतो.

मुख्य विषाचे कार्य : शंभूनाथ डे व दत्त यांनी दाखविलेले मुख्य विष सहा भागांचे असते. पाच सारखे भाग मिळून कडे होते व सहावा, प्रत्यक्ष विषारी भाग त्यावर बसलेला असतो. कडे आतड्याच्या कोशिकेवरील जीएम-१ या शर्करायुक्त मेदाला घट्ट चिकटते. पाच भागांचे कडे व त्याच्या मध्यभागी पोकळी, ही रचना पाहून कडे पटलात रुतत असावे व विषारी भाग त्याच्या भोकातून आत जात असावा, असा तर्क १९७० नंतरच्या दशकात झाला. १९७८ मध्ये टॉस्टेसन व टॉस्टेसन यांनी कृत्रिम मेदपटलात या विषामुळे प्रवाहमार्ग निर्माण होतात असे दाखविल्याने तर्काला आधारही मिळाला. जिवंत कोशिकेत मात्र वेगळेच घडते, असे पुढील संशोधनात आढळून आले. पटलात भोक पडत नाही. कोशिका स्वतःच विषाला पटलाच्या कोषात गुंडाळून आत घेते व उलट्या मार्गाने आपल्या अंतःप्राकल जालिकेपर्यंत पोहोचविते. कोशिकेत सदोष प्रथिने बाहेर काढून टाकण्याची एक वाट असते. विषारी भाग तेथे आपली घडी मोडून सदोष प्रथिनाचे सोंग घेतो व त्याच वाटेने कोशिकाद्रवात उतरतो. ही घडी मोडण्याची क्रिया २००१ मध्ये स्पष्ट झाली. त्यानंतर तो कोशिकेतील एका नियंत्रक प्रथिनाला कायमचे चालू ठेवतो. चक्रीय एएमपी या द्रव्याची पातळी वाढते. क्लोराइड व त्यामागोमाग सोडियम व पाणी आतड्यात ओतले जाते. तीव्र रोगात हा ऱ्हास तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतो. दार फोडणारा दरोडेखोर व वेषांतर करून आत शिरणारा हेर यांत जो भेद, तोच या दोन विषांत आहे.

उपचारावरील परिणाम : पटल व अस्तर अभंग राहते, या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल फार मोठे ठरले. आतडे सोललेले असते, तर तोंडाने दिलेले पाणी शोषलेच गेले नसते व शिरेतून क्षारद्रव देण्यावाचून गत्यंतर राहिले नसते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये असे मांडले की, आतड्याच्या कोशिका ग्लुकोज शोषताना त्याबरोबर सोडियमही आत घेतात. पटकीच्या विषाने ही यंत्रणा बिघडत नाही. म्हणून मीठ व साखर एकत्र दिली, तर त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. १९६८ मध्ये ढाका येथे नॅलिन, कॅश व त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या रोग्यांवर हा उपचार यशस्वी करून दाखविला. १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचा क्षारद्रव संपत आला, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३·५ ग्रॅम मीठ व २·५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजविले. छावणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत ते ३·६ टक्क्यांपर्यंत उतरले. हीच पद्धती पुढे जलसंजीवनी या नावाने महाराष्ट्रातील आरोग्यकेंद्रांत व घरोघरी पोहोचली. वेळेवर उपचार झाल्यास पटकीतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहते. तोंडाने द्यावयाच्या एका लशीत विषाच्या पाच भागांच्या कड्याचाही समावेश करण्यात आला आहे.

पंढरपूरच्या यात्रेला लक्षावधी वारकरी येतच आहेत. त्यांच्या संख्येवरून साथीचे भाकीत करण्याचा काळ मात्र मागे पडला आहे. पाण्याचे निर्जंतुकीकरण, मैल्याची विल्हेवाट व जुलाब सुरू होताच पाजावयाचे मीठ-साखरेचे पाणी, या तीन गोष्टींवर यात्रेचे आरोग्य अवलंबून असते. यांपैकी पहिल्या दोहोंमागे रोग पाण्यातून पसरतो हे ज्ञान आहे. तिसरीमागे विषाने वेढलेल्या कोशिकेचे पटल अखेरपर्यंत अभंग असते, हे ज्ञान आहे.